तळघरातला तुरुंग आणि सहा तासांची चित्रफीत

१९७१ सालच्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात, मानसशास्त्र विभागाच्या जॉर्डन हॉल या इमारतीच्या तळघरात एक खोटा तुरुंग उभा राहिला. खोल्यांची नेहमीची दारं काढून गजांची दारं बसवली. मधल्या कॉरिडॉरला ‘यार्ड’ म्हणायचं ठरलं. माणूस जेमतेम उभा राहील एवढं, दोन फूट बाय दोन फुटांचं एक कपाट एकांतकोठडी म्हणून राखून ठेवलं. आणि कॉरिडॉरच्या एका टोकाला छोटी फट ठेवली, तिच्यामागे व्हिडिओ कॅमेरा.

मानसशास्त्रज्ञ फिलिप झिंबार्डो यांचा हा प्रयोग मानसशास्त्र कधी न शिकलेल्यांनाही ठाऊक असतो. कॉलेजच्या वर्गात, व्यवस्थापनाच्या कार्यशाळेत, फोनवर येणाऱ्या फॉरवर्डमध्ये तो भेटतो. सांगितलं जातं ते साधारण असं: साध्यासुध्या पोरांमधून नाणं उडवून काहींना गार्ड केलं, काहींना कैदी. कसं वागायचं हे कुणी शिकवलं नाही. तरी सहा दिवसांत गार्ड क्रूर झाले आणि कैदी कोलमडले. म्हणजे दोष माणसाचा नाही, खुर्चीचा. ही गोष्ट इतकी घट्ट बसली याचं श्रेय शोधनिबंधापेक्षा चित्रफितीकडे जातं. निबंध वाचलेले लोक थोडे. अंगात झगा, डोक्यावर नायलॉनची टोपी आणि पायात साखळी घातलेले ते तरुण मात्र कुठे ना कुठे सगळ्यांनी पाहिलेले असतात. म्हणून या प्रकरणाकडे इथे कॅमेऱ्याच्या बाजूने पाहायचं आहे. त्याने काय टिपलं, काय सोडलं, आणि तो सुरू होण्याआधीच सिनेमा त्या तळघरात कसा येऊन बसला होता.

काय घडलं

‘तुरुंगातल्या जीवनाच्या मानसशास्त्रीय अभ्यासासाठी कॉलेजची मुलं हवीत, दिवसाला १५ डॉलर’ अशी जाहिरात वर्तमानपत्रात आली. सत्तरहून जास्त अर्ज आले, चाचण्या घेऊन २४ जण निवडले. काहींना राखीव ठेवून नऊ कैदी आणि तीन पाळ्यांत नऊ गार्ड अशी मांडणी झाली. पैसा अमेरिकी नौदलाच्या संशोधन कार्यालयाचा होता. पालो आल्टोच्या खऱ्या पोलिसांनी कैद्यांना घरून बेड्या घालून उचललं, आणि हे शूट करायला टीव्हीचा कॅमेरामन सोबत होता. अटकेचं ते फुटेज पुढे जवळजवळ प्रत्येक माहितीपटात आलेलं आहे.

तुरुंगाचे अधीक्षक खुद्द झिंबार्डो. वॉर्डन त्यांचाच एक विद्यार्थी, डेव्हिड जॅफी. सल्लागार म्हणून सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात अनेक वर्षं काढलेले कार्लो प्रेस्कॉट. पॅरोल मंडळाच्या बैठकीत अध्यक्षाच्या खुर्चीतही तेच बसले.

दुसऱ्याच दिवशी कैद्यांनी टोप्या फेकून, दाराला खाटा लावून बंड केलं. गार्डांनी अग्निशामक नळकांड्यांचा फवारा मारून ते मोडलं, कपडे काढून घेतले, खाटा उचलून नेल्या. मग अपरात्री उठवून तासन् तास हजेरी, जोर-बैठका, हातांनी शौचालय घासणं. ८६१२ क्रमांकाचा कैदी छत्तीस तासांत आरडाओरडा करत बाहेर पडला. ८१९ क्रमांकाचा रडायला लागला तेव्हा गार्डांनी बाकीच्यांना रांगेत उभं करून ‘८१९ वाईट आहे’ अशा अर्थाच्या घोषणा द्यायला लावल्या. आत बसलेल्या त्या मुलाला त्या ऐकू येत होत्या. झिंबार्डोंनी त्याला निघून जा म्हटलं, तर तो परत जायला निघाला. आपण वाईट कैदी नाही हे त्याला इतरांना दाखवायचं होतं. तू ८१९ नाहीस, तुला नाव आहे, मी डॉक्टर झिंबार्डो आहे, हा तुरुंग नव्हे, असं सांगावं लागलं तेव्हा कुठे तो झोपेतून उठल्यासारखा भानावर आला.

झिंबार्डोंनीच सांगितलेला एक किस्सा मला सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलका वाटतो. सुटलेला ८६१२ मित्रांना घेऊन तुरुंग फोडायला येणार अशी अफवा उठली होती. अधीक्षकसाहेब हल्ला परतवायच्या तयारीत एकटेच बसलेले. एवढ्यात त्यांचा जुना रूममेट, आता त्याच विभागातला प्राध्यापक, सहज डोकावला. काय चाललंय ते ऐकून त्याने विचारलं, ‘यात स्वतंत्र चल कोणतं?’ म्हणजे परिणाम पाहण्यासाठी प्रयोगात मुद्दाम बदललेली गोष्ट कोणती. कोणत्याही प्रयोगाबद्दल विचारायचा हा पहिला प्रश्न. झिंबार्डो भडकले. इथे तुरुंग फुटायची वेळ आलीय आणि याला चलाची पडलीय! त्या क्षणी संशोधक जागेवर नव्हता, होता तो अधीक्षक. पण तो प्रश्न अस्सल होता आणि त्याचं नीट उत्तर नंतरही मिळालं नाही.

गुरुवारी रात्री क्रिस्टिना मास्लाक तिथे आल्या. त्या नुकत्याच पीएच.डी. झालेल्या, झिंबार्डोंशी त्यांचे प्रेमसंबंध होते आणि पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं. डोक्यावर कागदी पिशव्या घालून शौचालयाकडे नेली जाणारी मुलांची रांग पाहून त्यांनी झिंबार्डोंना खडसावलं. दोन आठवड्यांचा प्रयोग शुक्रवारी, २० ऑगस्टला, सहाव्या दिवशी गुंडाळला. तोवर पाच कैद्यांना मुदतीआधी सोडावं लागलं होतं.

चित्रपट आधी, प्रयोग नंतर

गार्डांच्या डोळ्यांवर आरशासारखे गॉगल होते, म्हणजे कैद्याला त्यांचे डोळे दिसणार नाहीत, स्वतःचंच प्रतिबिंब दिसेल. ही कल्पना कुठून उचलली हे झिंबार्डोंनी लपवलेलं नाही. १९६७ साली आलेल्या, पॉल न्यूमनच्या ‘कूल हँड ल्यूक’ या तुरुंगपटातून.

इथेच खरं तर थबकायला हवं, कारण गॉगलवर गोष्ट संपत नाही. सर्वांत कुप्रसिद्ध गार्ड म्हणजे ज्याला कैद्यांनी हॉलिवूडच्या काउबॉयपटांतल्या नायकावरून ‘जॉन वेन’ असं टोपणनाव दिलं तो डेव्ह एशलमन. माहितीपटांत कॉरिडॉरमधून दंडुका घेऊन फिरणारा, अमेरिकेच्या दक्षिणेकडचा हेल काढून बोलणारा तोच. मुलगा मुळात कॅलिफोर्नियाचा. तो हेल त्याचा नव्हताच. नाटकांत कामं केलेल्या एशलमनने ‘कूल हँड ल्यूक’मधल्या तुरुंगाधिकाऱ्यावरून हे सोंग बेतलं होतं. संशोधकांनी एवढा खर्च केलाय, पहिल्या दिवशी तर काहीच घडत नाहीये, त्यांना हाती काहीतरी लागायला हवं, म्हणून आपण ठरवून प्रसंग पेटवायचा बेत केला, असं त्याने पुढे वेळोवेळी मुलाखतींत सांगितलं आहे.

तेव्हा सिनेमातून आलेले गॉगल, सिनेमातून आलेला खलनायक, बाहेर टीव्हीचा कॅमेरामन आणि आत फटीमागे दुसरा कॅमेरा. ‘परिस्थितीने माणूस बदलतो’ हे सिद्ध करायला घेतलेल्या या परिस्थितीची नेपथ्यासह सगळी मांडामांड आधीच झालेली होती.

मराठी वाचकाला हे वाचताना तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आठवल्याशिवाय राहत नाही. १९६७ सालीच रंगमंचावर आलेलं नाटक. तिथेही हौशी मंडळी वेळ घालवायला अभिरूप न्यायालय मांडतात आणि बेणारेबाईंच्या जिवावर उठतात. पण ते वकील-साक्षीदार झाल्यामुळे क्रूर होतात, असं त्या नाटकात कुठेच म्हटलेलं नाही. मनात होतं तेच बोलायला त्यांना सोयीची भूमिका मिळते, एवढंच. स्टॅनफर्डच्या कथनात नेमकी ही शक्यता बराच काळ कुणी विचारातच घेतली नाही.

कॅमेऱ्याने काय घेतलं

प्रयोग सुमारे दीडशे तास चालला. त्यातलं व्हिडिओवर आलेलं जेमतेम सहा तासांचं आहे. ध्वनिमुद्रण त्याहून जास्त. म्हणजे तळघरातला बहुतांश काळ कुणी टिपलेलाच नाही. जिथे काही घडेल अशी अपेक्षा होती तिथे कॅमेरा लावला गेला, आणि रात्रीच्या पाळीत एशलमन असल्यामुळे काही ना काही घडतच होतं.

झिंबार्डोंच्याच सांगण्यानुसार साधारण एक तृतीयांश गार्ड क्रूर होते. काही कडक पण नियमाने वागणारे होते, आणि काही तर कैद्यांची छोटी-मोठी कामं करून देणारे, कुणाला शिक्षा न करणारे होते. सगळ्यांना एकाच जागी, एकाच गणवेशात ठेवलं होतं. खुर्चीच माणसाला बिघडवत असेल तर बाकी दोन तृतीयांशांचं काय? प्रश्न साधा आहे, पण फुटेज पाहताना तो सुचत नाही, कारण चांगला गार्ड कॅमेऱ्यात काही करताना दिसतच नाही. शिक्षा न करणं दाखवायचं कसं? पडद्याला कृती लागते.

वेळही अशी जुळून आली की ही चित्रफीत विद्यापीठात पडून राहणं शक्य नव्हतं. प्रयोग थांबला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सॅन क्वेंटिनमध्ये कृष्णवर्णीय कैदी-लेखक जॉर्ज जॅक्सन गोळीबारात मारला गेला. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ॲटिका तुरुंगात उठाव झाला, तो मोडताना चाळीसच्या आसपास माणसं गेली. देशभर तुरुंगांची चर्चा पेटलेली असताना झिंबार्डो अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्ष द्यायला गेले, आणि नोव्हेंबरमध्ये एनबीसी वाहिनीच्या ‘क्रोनोलॉग’ कार्यक्रमात प्रयोग घराघरांत पोचला. सविस्तर शोधनिबंध आले ते १९७३ साली, तेही नौदलाच्या संशोधन पत्रिकेत आणि गुन्हेगारीशास्त्राच्या एका नियतकालिकात. सामाजिक मानसशास्त्राच्या मातब्बर नियतकालिकांची चाळणी लागण्याआधीच लोकांनी निष्कर्ष टीव्हीवर पाहिलेला होता.

त्या काळातल्या चित्रणातला एक तुकडा मात्र या सगळ्यापेक्षा वेगळा आहे. प्रयोगानंतर दोनेक महिन्यांनी एशलमन आणि ४१६ क्रमांकाचा कैदी यांना समोरासमोर बसवलं होतं. हा ४१६ म्हणजे ज्याने सॉसेज खायला नकार देऊन उपोषण केलं आणि म्हणून ज्याला कपाटात कोंडलं तो. दोघेही आता नेहमीच्या कपड्यांतले, केस वाढलेले तरुण. ४१६ शांतपणे सांगतो की, तुझ्यामुळे मला त्रास होतो. कसा, असं एशलमन विचारतो. तू मुळात चांगला मुलगा आहेस हे मला कळतं आणि तरी तू काय काय करू शकतोस तेही मी पाहिलंय, असा त्याच्या उत्तराचा आशय. मग एशलमन म्हणतो की, माणूस किती शिव्याशाप ऐकून घेतो आणि कुठे उलटतो, हे पाहायचे आपले स्वतःचे छोटे प्रयोग आपण तिथे करत होतो. आणि कुणीच अडवलं नाही याचं आपल्याला नवल वाटलं. माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस, असं तो विचारतो. ४१६ला ठाऊक नाही. पण आपण एवढी कल्पकता लावली नसती, ती एवढी अप्रतिम कलाकृती झाली नसती, असं तो म्हणतो.

कलाकृती! गार्ड भूमिकेत वाहून गेला होता, हे पटवायला हा प्रसंग दाखवला जातो. कान देऊन ऐकलं तर दोघंही उलट काहीतरी सांगतायत. एक म्हणतो, मी हे जाणूनबुजून करत होतो. दुसरा म्हणतो, ते मला दिसत होतं.

पडद्यावरचे अवतार

बऱ्याच वर्षांनी झिंबार्डोंनी केन म्युसेन यांच्यासोबत जुनं फुटेज आणि नव्या मुलाखती जोडून ‘क्वाएट रेज’ हा सुमारे ५० मिनिटांचा माहितीपट केला. जगभरच्या वर्गांत दाखवला जातो तो हा. निवेदन झिंबार्डोंचंच, म्हणजे प्रयोगकर्ता, अधीक्षक आणि निवेदक एकच माणूस. एवढं असूनही तो कमी लेखण्यासारखा नाही, कारण त्याच्याच पोटात त्याचं खंडन दडलेलं आहे. गार्डांच्या पहिल्या बैठकीत झिंबार्डो त्यांना सांगतात की, कैद्यांना कंटाळा आणता येईल, थोडी भीती घालता येईल, त्यांचं आयुष्य सर्वस्वी आपल्या हातात आहे असं वाटायला लावता येईल, त्यांना खासगीपणा उरणार नाही, आणि याचा परिणाम म्हणजे हतबलता. ‘कुणी काही शिकवलं नाही’ या दाव्याला एवढं पुरे आहे. कित्येक वर्षं वर्गावर्गांत ते वाक्य वाजत राहिलं आणि पाहणाऱ्यांच्या कानांवरून गेलं.

पुढे कथापट आले. २००१ सालचा ऑलिव्हर हिर्शबीगल यांचा जर्मन ‘दास एक्सपेरिमेंट’ एका कादंबरीवर बेतलेला, पण बीज स्टॅनफर्डचं. त्यात गोष्ट थेट बलात्कार आणि खुनापर्यंत जाते. तळघरात असलं काही घडलेलं नव्हतं, आणि झिंबार्डोंनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. २०१० साली हॉलिवूडने त्याचा रिमेक केला. त्याबद्दल लिहावं असं फारसं काही नाही. काइल पॅट्रिक अल्वारेझ यांचा २०१५चा ‘द स्टॅनफर्ड प्रिझन एक्सपेरिमेंट’ मात्र तपशिलाला इमानदार आहे. बिली क्रूडप झिंबार्डो, एझ्रा मिलर ८६१२, मायकेल अँगरानो एशलमनवर बेतलेला गार्ड. सनडान्स महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळाला. अरुंद कॉरिडॉर, माणसांच्या तोंडाजवळ घुसणारा कॅमेरा, दोन तासांत प्रेक्षकाचाही जीव गुदमरतो. पण झिंबार्डो या चित्रपटाचे सल्लागार होते. त्यामुळे त्यांच्या हट्टीपणावर तो बोट ठेवतो, त्यांच्या निष्कर्षावर ठेवत नाही.

खरा वेगळा सूर लावला बीबीसीने. ॲलेक्स हॅसलम आणि स्टीव्ह राइकर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १५ पुरुषांना घेऊन पुन्हा तुरुंग मांडला. मालिका २००२ साली दाखवली गेली. फरक असा की इथे संशोधक अधीक्षक झाले नाहीत आणि गार्डांना कसं वागायचं हे सांगितलं नाही. गार्डांची एकजूटच झाली नाही. अधिकार गाजवायचीच त्यांना लाज वाटत होती. कैदी संघटित झाले, त्यांनी व्यवस्था उलथवली आणि सगळ्यांचं मिळून एक कम्यून, म्हणजे बरोबरीच्या नात्याने चालणारा गट केला. तेही डळमळलं, आणि काही जण आणखी कडक राजवट आणायचा बेत करू लागले तेव्हा आठव्या दिवशी प्रयोग थांबवला. झिंबार्डोंनी याला रिअ‍ॅलिटी शो म्हणून झटकून टाकलं. आक्षेपात तथ्य आहे. आपण टीव्हीवर दिसणार हे माहीत असलेला माणूस जपून वागतो. पण जॉर्डन हॉलच्या गार्डांवरही कॅमेरा होता, आणि त्यातला निदान एक जण प्रेक्षक असल्यासारखाच वागत होता.

फिती उघडल्यावर

२००४ साली इराकमधल्या अबू गरीब तुरुंगात अमेरिकी सैनिकांनी केलेल्या कैद्यांच्या छळाची छायाचित्रं बाहेर आली आणि स्टॅनफर्डच्या गोष्टीला नवा जोम आला. डोक्यावर पिशव्या, उघडे कैदी, हसणारे पहारेकरी, दृश्यं तर अगदी तीच. त्यातल्या एका आरोपी सार्जंटच्या बाजूने झिंबार्डोंनी तज्ज्ञ साक्षीदार म्हणून साक्ष दिली. म्हणजे तोवर ही गोष्ट कोर्टातही वापरली जात होती.

धक्का बसला तो २०१८ साली. फ्रेंच अभ्यासक आणि चित्रपटकार तिबो ल तेक्सिए यांनी स्टॅनफर्डच्या संग्रहातल्या फिती आणि कागद उपसून पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी अमेरिकी पत्रकार बेन ब्लम यांचा दीर्घ लेख आला. एका ध्वनिफितीत वॉर्डन जॅफी एका मवाळ गार्डला बाजूला घेऊन समजावतोय. प्रत्येक गार्ड कडक असायला हवा, तू मागे मागे राहतोस, जरा पुढे हो. तो गार्ड म्हणतो की, मी काही फारसा कडक नाही. त्यावर जॅफी त्याला मोठं कारण देतो: गार्ड असे वागले की काय होतं हे आपल्याला जगापुढे मांडायचंय, त्यातून तुरुंग सुधारतील. शिवाय अनेक गार्डांना आपण स्वतः अभ्यासाचा विषय आहोत याची कल्पनाच नव्हती. अभ्यास कैद्यांचा चाललाय आणि आपण मदतनीस आहोत, असं ते समजत होते.

ब्लम यांच्याशी बोलताना ८६१२, म्हणजे डग्लस कॉर्पी, म्हणाले की, ती किंकाळी बनाव होती. परीक्षेचा अभ्यास करता येईल म्हणून नोकरी धरली होती, पुस्तकं मिळेनात, मग सुटायचा एवढाच मार्ग दिसला. पण ‘क्वाएट रेज’मध्ये याच कॉर्पींनी आपण खरोखर ताबा गमावला होता असं सांगितलेलं आहे, आणि झिंबार्डोंनी उत्तरात त्याकडेच बोट दाखवलं. दोन्ही वेळचा माणूस एकच. त्यातल्या एका मुलाखतीला प्रमाण मानून दुसरी सोडून देणं मला पटत नाही. कॉर्पींच्या जबाबावर या प्रकरणाचा निकाल लावायची गरजही नाही. जॅफीची फीत पुरेशी आहे.

म्हणून सगळा प्रयोगच खोटा, अशी जी आरोळी उठली, तिच्यातही मी सूर मिसळणार नाही. ८१९चं रडणं खरं होतं. ४१६ला कपाटात कोंडलं होतं ते खरं होतं. सिद्ध काय झालं, एवढाच वाद आहे. हॅसलम आणि राइकर यांनी जॅफीच्या त्या फितीचं विश्लेषण करून मांडलेलं म्हणणं मला जास्त पटतं. गणवेश घातला म्हणून माणसं आपोआप क्रूर झाली नाहीत. एका विद्वान माणसाने उदात्त हेतू सांगून त्यांना कामाला लावलं. काही जणांनी उत्साहाने साथ दिली, काहींनी कानाडोळा केला, काहींनी नकार दिला. आणि हे त्या तळघरातल्या मूळ दाव्यापेक्षा कमी भीतीदायक आहे, असं मला तरी वाटत नाही.

नोव्हेंबर २०२४मध्ये नॅशनल जिओग्राफिकची ज्युलिएट आयझनर दिग्दर्शित तीन भागांची मालिका आली. तिच्यात त्या वेळचे कैदी आणि गार्ड, आता सत्तरीतले, स्वतः बोलतात आणि एकमेकांना खोडून काढतात. झिंबार्डोही आहेत, आपल्या म्हणण्यावर ठाम. मालिका दाखवली जाण्याच्या महिनाभर आधी, १४ ऑक्टोबरला, वयाच्या ९१व्या वर्षी ते वारले.

कुणाला हे सगळं क्रमाने पाहायचं असेल तर ‘क्वाएट रेज’पासून सुरुवात करावी, आणि गार्डांच्या बैठकीचा भाग आला की मागे नेऊन पुन्हा ऐकावा. मग २०१५चा चित्रपट आणि त्यावर उतारा म्हणून बीबीसीची मालिका. २०२४ची मालिका शेवटी, कारण आधीची गोष्ट माहीत असल्याशिवाय तिच्यातल्या भांडणाची गंमत कळत नाही. ‘दास एक्सपेरिमेंट’ थरारपट म्हणून फक्कड आहे. फक्त तो पाहून स्टॅनफर्डवरच्या प्रश्नाचं उत्तर कुणी लिहू नये.